महिरपीचा फोटो नको, माप छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तीन आठवड्यांवर आली की सगळ्याच वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत ‘घरच्या घरी सजावट’ असा मजकूर येतो. फोटो देखणा असतो. त्याखाली लिहिलेले असते : रंगीत कागद घ्या, आवडीच्या आकारात कापा, चिकटवा, टिकल्यांनी सजवा. कागद केवढ्या जाडीचा, आकार किती सेंटिमीटरचा, चिकटवायचे कशाने, वाळवायचे किती वेळ, याबद्दल एक अक्षर नसते. मग रविवारी दुपारी आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे घर सतरंजीवर बसते, दोन-तीन तास राबते आणि पाडव्याच्या दिवशी ताटाभोवती मांडलेली महिरप दोन्ही टोकांनी नांगी वर केलेल्या विंचवासारखी उभी राहते. पुढच्या वर्षी तेच घर सोलापुरातल्या मधला मारुती भागात जाऊन तयार मखमली महिरप घेऊन येते. घरच्यांच्या हातात काही खोट नसते, त्यांना कुणी माप दिलेले नसते, एवढेच. ते माप आणि त्यामागची कारणे इथे देत आहोत. शेवटी आपल्याकडे एक मागणीही आहे.

मुळात महिरप ही रांगोळीची. पंगतीत पाटासमोर ताट, ताटाभोवती रांगोळीची कमान. सारवलेल्या जमिनीवर आणि शहाबादी फरशीवर ती शोभायची. आता ताट डायनिंग टेबलावर आले आणि डोक्यावर पंखा आला. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरातही दुपारी पंखा बंद करून जेवणे शक्य नाही. रांगोळीची पूड टेबलावर टाकली की पहिल्या पाच मिनिटांत ती वरणात जाते. म्हणून कागदाची महिरप. मधली काही वर्षे थर्माकोलच्या महिरपी आल्या होत्या. राज्य सरकारच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. बरेच झाले. त्याचे पांढरे मणी जेवणात गळायचे, आणि ते खाण्याजवळ असण्याचे काही कारणच नव्हते.

आता माप. घरातले मोठे ताट साधारण ३० सेंमी व्यासाचे असते, म्हणजे त्रिज्या १५. ताट उचलताना-ठेवताना बोटे जावीत म्हणून २ सेंमी मोकळी जागा सोडायची. महिरपीची आतली त्रिज्या १७ सेंमी झाली. पट्टीची रुंदी ६ सेंमी धरली तर बाहेरची त्रिज्या २३. हे अर्धवर्तुळ झाले : ४६ सेंमी रुंद, २३ सेंमी उंच. बहुतेक घरी चूक इथेच होते. ताट कागदावर उपडे ठेवून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवतात. मग आतली कड ताटाला चिकटूनच येते आणि पहिल्या वाढपात महिरप ताटाखाली सरकते, तिच्यावर ताक सांडते.

टेबलावर मांडणार असाल तर आधी टेबल मोजा. तीन फुटी, म्हणजे सुमारे ९० सेंमी रुंदीच्या टेबलावर समोरासमोर दोन ताटे मांडली आणि ताटाची कड टेबलाच्या कडेपासून ३ सेंमी आत ठेवली, तर ताटाचा मध्य १८ सेंमीवर येतो आणि महिरपीचे टोक ४१ सेंमीवर. दोन्ही बाजूंनी मिळून ८२ सेंमी गेले. मधे ८ सेंमी उरले, त्यात श्रीखंडाचे पातेले सोडा, मिठाची वाटीही धड बसत नाही. पट्टी ४ सेंमी केली तर मधे १२ सेंमी मिळतात. तेवढ्यात लहान वाट्यांची एक ओळ बसते, मोठी भांडी बाजूच्या स्टुलावर ठेवावी लागतात. म्हणून आमचे मत असे की सहा सेंमीची भरघोस महिरप खाली पाट मांडून बसणाऱ्यांसाठी, म्हणजे पाडव्याच्या नाहीतर भाऊबीजेच्या ओवाळणीच्या पंगतीसाठी ठेवावी आणि टेबलावर चार सेंमीची करावी. बाजू-बाजूला मात्र अडचण नाही. माणशी ६० सेंमी धरले तरी ४६ सेंमीची महिरप आरामात बसते.

अर्धवर्तुळ एकसंध कापू नये. ५६ बाय ७१ सेंमीच्या, म्हणजे दुकानात २२ बाय २८ इंची म्हणून मिळणाऱ्या कार्डशीटमधून एकात एक घुसवून कापली तरी एकसंध महिरपी चारच निघतात. शिवाय ४६ सेंमीची वस्तू कपाटात कुठे ठेवायची? त्याऐवजी महिरप तीन तुकड्यांची करावी, प्रत्येक तुकडा ६० अंशांचा. बाहेरची त्रिज्या २३ असल्याने या तुकड्याची बाहेरची दोन टोके बरोबर २३ सेंमी अंतरावर येतात. मोठ्या मिठाईच्या खोक्यात तो सपाट मावतो. जोडासाठी एका टोकाला दीड सेंमी जास्त ठेवायचे. असे तुकडे एकाखाली एक ७-७ सेंमीवर सरकवत आखले, तर ५६ सेंमीच्या बाजूला दोन रांगा आणि प्रत्येक रांगेत नऊ तुकडे बसतात. अठरा तुकडे म्हणजे सहा महिरपी, एका शीटमध्ये. कागदाच्या धाग्याची दिशा आडवी आली, तर मात्र शीट फिरवून आखावी लागते आणि एका रांगेत सात, असे चौदाच निघतात. धाग्याचे पुढे सांगतो. तोवर दोन शीट आणून ठेवा.

शाळेच्या कंपासपेटीतला कंपास एवढा उघडत नाही. मग लोक दोरा आणि पेन्सिल घेतात. दोरा ताणला की लांबतो, पेन्सिल कलली की त्रिज्या बदलते, आणि अठरा तुकडे अठरा मापांचे होतात. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची ३ सेंमी रुंद, २६ सेंमी लांब पट्टी कापा. एका टोकाशी टाचणीचे भोक. तिथून १७, २१.५ आणि २३ सेंमीवर पेन्सिलचे टोक जाईल एवढी तीन भोके. खाली जुन्या वहीचा पुठ्ठा ठेवून टाचणी रोवायची आणि पट्टी फिरवायची. तिन्ही कमानी एकाच मध्यातून येतात. साठ अंशांसाठी कोनमापकही लागत नाही. बाहेरच्या कमानीवर एक टोक ठरवायचे, टाचणी तिथे रोवायची, २३ च्याच भोकातून कमानीला छेद द्यायचा. दोन खुणांमधला भाग साठ अंशांचा. सातवी-आठवीतल्या मुलाला हे भूमितीच्या पुस्तकातून ठाऊक असते. त्यालाच करू द्यावे.

२१.५ ची मधली कमान कशाला, तर काठाच्या पाकळ्यांसाठी. या कमानीची लांबी साठ अंशांत साडेबावीस सेंमी भरते. एक तुकडा पातळ कागदावर उतरवून तीनदा निम्मा-निम्मा दुमडला की त्याचे आठ भाग पडतात, प्रत्येक २.८ सेंमीचा. पाण्याच्या बाटलीचे झाकण जवळजवळ याच व्यासाचे असते. झाकण मधल्या कमानीवर अर्धे आत, अर्धे बाहेर ठेवून बाहेरची निम्मी गोलाई आखत जायचे. आठ पाकळ्या, सारख्या. हाताने डोळ्यांच्या अंदाजाने काढलेल्या पाकळ्या पहिल्या तीन छान आणि शेवटची चपटी येते, कारण जागा संपलेली असते.

आता धागा. कापडाला जसा ताणा-बाणा, तसा कागदालाही एक धाग्याचा कल असतो. कारखान्यात कागद ज्या दिशेने धावतो, त्या दिशेने त्यातले तंतू झोपतात. हे पाहायचे असेल तर आपल्याच वर्तमानपत्राचे पान वरून खाली फाडा. रेघ मारल्यासारखे सरळ फाटते. आता तेच पान आडवे फाडा. हात कुठे जाईल आणि फाटका काठ कुठे, याचा मेळ लागत नाही. कागद ओला झाला की तंतू जाडीला फुगतात, लांबीला फारसे नाही. म्हणून कागद धाग्याच्या आडव्या दिशेने वाढतो आणि वाळताना त्याच दिशेने आखडतो. महिरपीची दोन टोके वर उचलण्याचे मूळ इथे आहे. तुकड्याच्या लांबीच्या आडवा धागा आला, तर वाळताना लांबीच आखडते आणि टोके उठतात. धागा लांबीच्या बाजूने असला, तर आखडणे सहा सेंमीच्या रुंदीत होते. ते दिसतही नाही, आणि दाबात ठेवल्यावर बसते. कार्डशीट फाडून बघायची गरज नाही. घडी न पाडता एकदा उभी, एकदा आडवी हलकेच वाकवा. ज्या दिशेने सहज गुंडाळली जाते, त्या गुंडाळीच्या नळीची लांबी म्हणजे धाग्याची दिशा. ती पेन्सिलीने बाणाने लिहून ठेवा आणि सगळे तुकडे असे आखा की त्यांची लांबी बाणाच्या दिशेने येईल.

कार्डशीट २५० ते ३०० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाची) घ्यावी, दुकानदाराला असाच आकडा सांगावा. त्याहून पातळ असेल तर लवते. जाड असेल तर मुलांच्या कात्रीने पाकळ्या कापल्या जात नाहीत, कडा चुरडतात. वरून लावायला घोटीव कागद चांगला. क्रेप कागद दिसतो सुंदर, पण ओल्या वाटीचा स्पर्श झाला की रंग सोडतो. गुलाबी आणि जांभळा सर्वांत वाईट. कुठलाही रंगीत कागद घेण्यापूर्वी ओले बोट घासून पाहावे. बोट रंगले तर तो दाराच्या तोरणाला, ताटाजवळ नको.

चिकटवायला खळ. सोलापूरला खळ म्हणजे काय ते सांगायला नको. मागावर चढवण्याआधी सुताला खळ देत आलेले हे शहर. तरी घरी करताना दहातल्या सात वेळा ती बिघडते, म्हणून प्रमाण देतो. मैदा दोन सपाट मोठे चमचे, पाणी एक पेला म्हणजे २०० मिली. पाव पेला गार पाण्यात मैदा पूर्ण विरघळवा, गुठळी राहिली तर गाळून घ्या. उरलेले पाऊण पेला पाणी पातेल्यात उकळायला ठेवा. उकळी आली की गॅस बारीक करून मैद्याचे पाणी बारीक धारेने ओता, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. तीन-चार मिनिटांत पांढरा रंग जाऊन खळ काचेसारखी, किंचित निळसर दिसू लागते. हीच खूण. पांढरी असतानाच उतरवली तर पिठूळ राहते, वाळल्यावर कागद सोलून येतो, कारण पिठातला स्टार्च पूर्ण फुललेला नसतो. सगळे गार पाणी आणि मैदा एकत्र करून सरळ गॅसवर ठेवले की तळाला खरवड धरते आणि वर कच्चे राहते. उतरवल्यावरही गार होईपर्यंत अधूनमधून ढवळा, नाहीतर साय धरते आणि ती साय कागदाखाली फोडासारखी दिसते. गार खळ दह्यापेक्षा थोडी सैल हवी. घट्ट झाली तर कोमट पाणी चमचा-चमचा घाला.

कणकेची खळ करू नये, कोंडा कागदावर खरखर उठतो. पूर्वी खळ टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद टाकत. ते विष आहे. जेवणाच्या ताटाजवळची वस्तू आणि बोटे चोखणारी पोरे, तिथे मोरचूद अजिबात नको. खळ ताजी करावी, उरली तर झाकून फ्रीजमध्ये ठेवावी आणि तिसऱ्या दिवशी फेकावी. आंबट वास आला म्हणजे मेली. चिंचोक्याची खळ याहून चिवट होते, घोंगडीवाले तीच वापरत आले आहेत. पण ती तपकिरी असते आणि फिक्या कागदातून डाग दिसतो. पुठ्ठ्याला पुठ्ठा जोडायला ती उत्तम.

खळ नेहमी पातळ कागदाला लावावी, जाड कार्डाला नाही. घोटीव कागदाच्या मागे ब्रशने मधून कडेकडे खळ ओढा आणि एक मिनिट तसाच राहू द्या. तेवढ्यात तो पाणी पिऊन पूर्ण फुगतो. लगेच चिकटवला तर कार्डावर गेल्यानंतर फुगतो आणि सुरकुत्या पडतात. मग सुती फडक्याने मधून बाहेर हवा काढत बसवा. दोन्हींच्या धाग्याची दिशा एकच असावी. एवढे करून थांबले तर कार्ड रंगीत बाजूकडे वाकणारच, कारण त्या बाजूने आखडणारा कागद आहे आणि मागे काही नाही. म्हणून मागच्या बाजूलाही त्याच वजनाचा कागद लावायचा. रंग कोणताही चालतो, उरलेला, फिका, डागाळलेला. मागच्या बाजूचा हा कागद बहुतेक सगळे जण गाळतात. महिरपीच्या बाबतीत एकच सल्ला ऐकायचा असेल तर हा ऐका.

लगेच दाबात ठेवायचे. फरशीवर जुने वर्तमानपत्र, त्यावर तुकडे, परत वर्तमानपत्र, वर चौघडी केलेली चादर (सोलापुरात तिची वानवा नाही) आणि तिच्यावर पाट, पाटावर दळणाचा डबा. चादर यासाठी की पाटाचा दाब सगळीकडे सारखा पडतो. एका तासाने ओले वर्तमानपत्र काढून कोरडे घाला, झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा. बदलले नाही तर ओल आतच राहते आणि शाई उमटते. रात्रभर दाब पुरतो, पण परतीचा पाऊस लांबला असेल आणि हवा दमट असेल तर दोन रात्री ठेवा. उन्हात वाळवू नका. दहा मिनिटांत वाळते आणि दहाव्या मिनिटाला पापडासारखी वळते. पाकळ्या कापायच्या त्या हे सगळे वाळल्यावर, आधी नाही. ओल्या थरांवर कात्री चालवली की वरचा कागद चिरत नाही, ओढला जातो.

सजावटीचा मोह आवरावा. चमकी नको. ती गळते आणि पुरणात दिसत नाही. सुटे मणी आणि टिकल्या लहान मुलांच्या ताटाजवळ नकोत. डाळ-तांदूळ चिकटवून केलेली महिरप फोटोत फार छान दिसते, पण तिला मुंग्या लागतात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत पोरकिडा तिचे पीठ करतो. कागदावर कागदच शोभतो : पिवळ्यावर लाल कोयरी, प्रत्येक तुकड्यावर तीन, मधली मोठी ४ सेंमीची, बाजूच्या ३ सेंमीच्या. कोयरी कापताना कागद दुहेरी घडी करून कापला तर उजवी-डावी जोडी एकदम मिळते. एकेरी कागदावर कापत गेले की सगळ्या कोयऱ्या एकाच बाजूला तोंड करून बसतात आणि मग महिरपीचा तोल जातो.

तेलाचे काय? आपल्या ताटात शेंगांची चटणी असणार, तिच्यावर तेल असणार आणि ते उडणार. फेव्हिकॉल आणि पाणी समसमान घेऊन त्याचे दोन हात द्यावेत, पहिला वाळल्यावर दुसरा, पुढे आणि मागे दोन्हीकडे. एकाच बाजूला दिला की पुन्हा वाकण्याची तीच कहाणी. ओलावा लगेच टिपता येतो, तेल आत झिरपत नाही. ओल्या फडक्याने घासू मात्र नये, नुसते टिपावे.

तीन तुकडे चिकटवून जोडू नका. जोडाच्या ठिकाणी दोन भोके पाडून रंगीत सुताने बांधावेत, गाठ मागे. दिवाळीनंतर सोडून सपाट ठेवता येतात. एखादा तुकडा खराब झाला तर तेवढाच बदलायचा. पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही टोकांच्या मागे हार्डवेअरच्या दुकानातला पातळ वायसर चिकटपट्टीने लावावा. चिंचोके किंवा खडे लावले की टोक उचललेले दिसते आणि सगळी मेहनत पाण्यात.

महिरपीचे इतके झाले. टेबलाच्या मध्यासाठी आपल्या भागात दोन वस्तू फुकटात मिळतात आणि त्यांच्याकडे कुणी पाहत नाही, म्हणून थोडे त्यांच्याबद्दल.

पहिली म्हणजे सुताचा रिकामा कोन. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले कारखाने असोत की गल्लीतले यंत्रमाग, सूत संपले की पुठ्ठ्याचा कोन उरतो, साधारण १७ सेंमी उंच. शहराच्या तेलुगू भाषक पूर्व भागात नवरात्रात बतुकम्मा म्हणजे फुलांची देवी रचली जाते, ती अशीच खाली रुंद, वर निमुळती, फुलांच्या थरावर थर. तंगेडूची म्हणजे आपल्या तरवडाची पिवळी फुले, कुरडूची तुरेदार फुले, झेंडू. टेबलावरच्या सजावटीला हाच घाट घेता येतो. कोनाला आधी केळीचे पान गुंडाळून सुताने बांधा. पान नसेल तर फुलांचे पाणी पुठ्ठ्यात जाते आणि दुसऱ्या दिवशी कोन मान टाकतो. मग पाच सेंमी व्यासाचे झेंडू ओवून खालून वर गुंडाळत जा. तळाच्या वेढ्यात सात, वर येता येता पाच, पाच वेढ्यांत मिळून तीसेक फुले आणि शेंड्यावर एक. पाव किलो फुलांत काम होते. फुले ओवताना सुई देठातून नाही, फुलाच्या बाजूने आरपार काढा म्हणजे फुलाचे तोंड बाहेर राहते. सकाळी केलेले संध्याकाळपर्यंत ताजे दिसते, त्यापुढे नाही. जवळ पणती ठेवू नये, हा शेवटी पुठ्ठा आहे.

दुसरी वस्तू कडबा. ज्वारीच्या धाटाला आपण ताटही म्हणतो, तेव्हा ताटाभोवतीच्या सजावटीत ताट असायला हरकत नसावी. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपटी उभी राहते, त्याच कडब्याचा टेबलावरचा छोटा दिवा होतो. रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, म्हणजे दिवाळीला मिळणारा कडबा सहा-आठ महिने वाळलेला असतो, तोच हवा. भोके पडलेली ताटे बाजूला काढा, आत खोडकिडा असतो. बाकीची दोन दिवस कडक उन्हात ठेवा. पेराच्या गाठी टाळून १० सेंमीचे आठ आणि १२ सेंमीचे चार तुकडे कापा. गाठीत काटा शिरत नाही, आणि जोड नेमका तिथे आला की फसले. कापण्याआधी दहा मिनिटे पाण्यात ठेवले तर साल चिरफळत नाही. ती साल ब्लेडसारखी कापते, म्हणून हे काम मोठ्यांचे.

जोडायला बाभळीचे चार-पाच सेंमी लांब काटे, सोळा लागतात, वीस गोळा करा. उभ्या तुकड्यातून काटा आरपार काढायचा आणि आडव्या तुकड्याच्या भेंडात रुतवायचा. भेंड त्याला घट्ट धरते. कोपऱ्यावर दोन आडवे तुकडे एकाच उंचीवर आणले तर काटे एकमेकांवर आदळतात आणि उभा तुकडा फुटतो. एक जोड दुसऱ्यापेक्षा दीड सेंमी वर घ्या. समोरासमोरच्या बाजू मात्र सारख्या उंचीवर, नाहीतर दिवा लंगडतो. सांगाडा झाला की बाजू मोजून पतंगाचा कागद कापा, आधी नाही, कारण धाटाची जाडी प्रत्येक पेंढीत वेगळी. कागद खळीने लावून पूर्ण वाळला की चारी बाजूंवर एकदम पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. वाळताना तो डफासारखा ताणतो. एकाच बाजूवर मारला तर सांगाडा तिकडे ओढला जातो. आत सेलवरची एलईडी माळ. पणती किंवा मेणबत्ती आत ठेवायची कल्पनासुद्धा करू नका, वाळका कडबा कसा पेटतो ते इथल्या कुणालाही माहीत आहे.

जॅकार्डची म्हणजे नक्षीच्या मागाची जुनी भोकाची कार्डे कुठे रद्दीत मिळाली, तर कागदाच्या जागी दोन बाजूंना ती लावून पाहा. चादरीवरची नक्षी ज्या भोकांनी विणली, त्याच भोकांतून उजेडाचे ठिपके भिंतीवर पडतात.

कामाची वाटणी वयाप्रमाणे. चार-पाच वर्षांच्यांना फाडायला द्यावे, कापायला नाही. आठ-दहा वर्षांची मुले आखतात, पाकळ्या कापतात. खळ आजीने ढवळावी, तिला ती काचेसारखी कधी होते ते घड्याळाशिवाय कळते. ब्लेड आणि काटे मोठ्यांकडे. सहा महिरपींना दोन दुपारी लागतात, मधे दाबाची एक रात्र धरून. म्हणून वसुबारसेच्या आधीचा शनिवार-रविवार धरावा. धनत्रयोदशीला सुरू केले तर वाळायला वेळ उरत नाही आणि मग उन्हात ठेवण्याची बुद्धी होते.

आता मागणी. आपल्या वृत्तपत्राच्या पूर्ण पानावर साठ अंशांचा हा तुकडा, जोडाच्या दीड सेंमीसकट, आहे त्या मापात मावतो : साडेचोवीस सेंमी रुंद, नऊ सेंमीपेक्षा थोडा कमी उंच. जाहिरातीच्या एका पट्टीएवढी जागा. दिवाळीच्या आधीच्या रविवारच्या पुरवणीत तो पूर्ण मापात छापावा. ६ सेंमीचा एक आणि टेबलासाठी ४ सेंमीचा एक. वाचकाने तो कापून पुठ्ठ्यावर चिकटवला की घरभर पुरेल असा फर्मा तयार. सोबत धाग्याच्या दिशेचा बाण हवा. आणि कृपा करून शेजारी बरोबर १० सेंमीची एक रेघ छापा. छपाईत किंवा ई-पेपरवरून प्रिंट काढताना आकृती पाच टक्क्यांनी जरी आकसली, तरी आतली त्रिज्या १७ ची १६.२ होते आणि दोन सेंमीची मोकळी जागा १.२ सेंमीवर येते. रेघेवर पट्टी ठेवली की वाचकाला कात्री हातात घेण्याआधीच ते कळेल.

आपले,
हस्तकला शिकवणारे दोन वाचक
सोलापूर